गोंगमिन: वेणी सोडणारा राजा

आडवाट

आमच्या घरात सध्या रात्रीच्या जेवणाला कोरियन मालिका लागते. मुलगी बघते, तिच्यामुळे तिची आई बघते, आणि पोळी वाढून घ्यायच्या निमित्ताने मीही. त्यातून गोंगमिन राजाशी ओळख झाली. मालिकेतली गोष्ट एका ओळीची: राजाचा राणीवर फार जीव, राणी बाळंतपणात गेली, राजा सैरभैर झाला, राज्य बुडालं. मुलीने डोळे पुसले. मला काही ते पचेना. एक बाई गेली म्हणून बुडायला राज्य म्हणजे काय होडी आहे? मग गेले काही महिने हाती लागेल ते वाचत सुटलो. त्याचं हे टिपण. चुका असतील तर हक्काने काढा.

आधी थोडं मागचं. कोरियात ९१८ ते १३९२ गोर्यो घराण्याचं राज्य. राजधानी गेग्यॉन्ग, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातलं केसॉन्ग. १२३१ पासून मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. दरबार गांग्वा बेटावर जाऊन बसला, मुलूख होरपळला, आणि शेवटी तह झाला. मग अशी रीत पडली की राजपुत्रांनी मंगोल सम्राटाच्या राजधानीत, दादूत (आजचं बीजिंग) जाऊन राहायचं, मंगोल राजकन्येशी लग्न करायचं आणि जावई होऊन गादीवर यायचं. सम्राटाची मर्जी फिरली की गादी गेली. पूर्वी राजांच्या नावामागे मानाचं 'जोंग' लागायचं, ते बंद झालं आणि नावाच्या सुरुवातीला 'चुंग' आलं. चुंग म्हणजे एकनिष्ठ. ओळीने सहा राजे चुंगवाले: चुंगन्यॉल, चुंगसॉन, चुंगसुक, चुंगह्ये, चुंगमोक, चुंगजॉन्ग. एकनिष्ठ कोणाशी, ते सांगायला नको.

गोंगमिन हा चुंगसुकचा धाकटा मुलगा, जन्म १३३०चा. मंगोल नाव बायान तेमूर. आजी मंगोल असली तरी आई कोरियनच. १३४१ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याला दादूला पाठवलं, आणि तो दहा वर्षं तिथेच राहिला. तिकडे गादीवर थोरला भाऊ चुंगह्ये होता. त्याचे रंगढंग फार झाले म्हणून मंगोलांनी त्याला पकडून नेलं आणि दूर दक्षिणेला हद्दपार केलं. वाटेतच, १३४४ मध्ये, तो मेला. गादी गेली त्याच्या लहान मुलाकडे. तो मुलगा १३४८ मध्ये वारला, तर त्याच्या सावत्र भावाकडे. म्हणजे जाणता काका दादूत बसलेला असताना पोरांना गादी, तीही दोनदा.

आता हे बघा. दोनदा डावलला गेल्यावर १३४९ मध्ये त्याचं लग्न झालं, बायको मंगोल राजघराण्यातली. कोरियन इतिहासात तिला नोगुक राजकन्या म्हणतात. आणि १३५१ मध्ये सम्राटाने त्या पोरसवदा पुतण्याला उतरवून गोंगमिनला राजा केलं. मालिकेत हे लग्न नजरानजरेतून जुळतं. असेलही. पण मधली दोन वर्षं मोजा.

आल्या आल्या त्याने काय केलं? ई यॉन-जोंग नावाच्या अधिकाऱ्याने दरबारात सांगितलं की मंगोल वेणी आणि मंगोल कपडे ही काही आपल्या पूर्वजांची रीत नव्हे. राजाने तिथेच वेणी सोडली, आणि सांगणाऱ्याला कपडे आणि अंथरूण-पांघरूण बक्षीस दिलं. मंगोलांची डोक्याची धाटणी अशी की कडेने भादरायचं आणि उरलेल्याची वेणी घालायची. ती दहा वर्षं मिरवलेला माणूस हे करतो, आणि शेजारी बसलेली मंगोल बायको हूं का चूं करत नाही. मला हा प्रसंग सगळ्या प्रेमप्रसंगांपेक्षा भारी वाटतो.

पण वेणी सोडणं सोपं होतं. खरं दुखणं होतं गी घराणं. गोर्योहून मुली 'खंडणी' म्हणून मंगोल दरबारात पाठवल्या जात. त्यातलीच गी घराण्यातली एक मुलगी सम्राटाच्या मर्जीत बसली आणि १३४० मध्ये सम्राज्ञी झाली. युवराजाची आईही तीच. तिचा भाऊ गी चॉल गोर्योत राजाला जुमानायचा नाही, आणि का जुमानावं? राजा मंगोल राजघराण्याचा जावई असेल, पण हा युवराजाचा मामा.

१३५६ मध्ये गोंगमिनने मेजवानीचं आमंत्रण पाठवलं. गी चॉल आला. आत दबा धरलेल्या माणसांनी लोखंडी गदेने त्याचा निकाल लावला. त्याच धडाक्यात मंगोलांची कचेरी बंद केली, त्यांची कालगणना थांबवली आणि ईशान्येला सांगसॉन्गची मंगोल ठाणेदारी घेतली. १२५८ मध्ये गेलेला तो मुलूख जवळजवळ शंभर वर्षांनी परत आला. त्या कामी तिथल्या ई जा-चुन नावाच्या स्थानिक सरदाराने राजाची बाजू घेतली. त्याच्याबरोबर त्याचा विशीतला मुलगा होता, ई सॉन्ग-ग्ये. हा मुलगा लक्षात ठेवा. छत्तीस वर्षांनी गोर्यो बुडवून जोसॉन घराणं स्थापणारा हाच.

पुढे दैव फिरलं. मंगोल सत्ता चीनमध्ये खिळखिळी झाली होती आणि बंडखोरांच्या टोळ्या सुटल्या होत्या. लाल फेटेवाले १३५९ मध्ये याळू नदी ओलांडून आले आणि प्योंगयांगपर्यंत पोचले. त्यांना हाकललं तर १३६१ मध्ये दुप्पट-तिप्पट संख्येने आले आणि खुद्द राजधानी पडली. ऐन थंडीत राजा-राणी दक्षिणेला बोकजूला पळाले, ते आजचं आंदोंग. दक्षिण किनाऱ्यावर जपानी चाचे होतेच. १३६२ मध्ये राजधानी परत मिळाली, पण राजवाड्याची राख झाली होती.

आता माझा मुद्दा. या राजाच्या चरित्रात एकच गोष्ट पुन:पुन्हा घडते. तो एका माणसाला हाताशी धरतो, सगळं त्याच्यावर सोपवतो, आणि मग तो माणूस मरतो. दादूत त्याच्या सेवेला असलेला, 'जो इल-शिन' नावाचा माणूस: १३५२ मध्ये बंड करून मेला. राजधानी सोडवणारा सेनापती जॉन्ग से-उन: राजाचा लाडका किम योंग याने त्याच्या हाताखालच्या तीन सरदारांना खोटं राजपत्र दाखवून त्याला मारवलं. मग सेनापतीला मारलं म्हणून त्या तिघांनाही. चारही विजयी सेनानी काही आठवड्यांत संपले! हे सगळं राजाच्या नाकाखाली, आणि राजाला पत्ता नाही? मग खुद्द किम योंगने १३६३ मध्ये राजावरच मारेकरी घातले. हुंगवांगसा मठात राजा उतरला होता. पहाटे मारेकरी घुसले. आन दो-जॉक नावाचा खोजा राजासारखा दिसायचा. तो राजाच्या अंथरुणात जाऊन झोपला आणि राजाच्या जागी मेला. दुसऱ्या खोजाने राजाला पाठीवर घेऊन राजमातेच्या आतल्या खोलीत नेलं आणि पांघरुणाखाली लपवलं, आणि त्या खोलीच्या दारात नोगुक राजकन्या बसून राहिली. मंगोल राजकन्येच्या अंगावरून पाय टाकून आत जायची छाती कोणाची होती? किम योंगला मारल्यावर राजा रडला म्हणे, आता विसंबू कोणावर म्हणून.

म्हणजे १३६५ च्या फेब्रुवारी-मार्चात राणी गेली, तेव्हा त्याची नुसती बायको गेली नाही. ज्या एका माणसाकडे पाठ करून तो झोपू शकत होता, तो माणूस गेला. लग्नाला सोळा वर्षं होऊन पहिल्यांदाच दिवस पूर्ण भरले होते. बाळंतपण अडलं तेव्हा त्याने देशभरचे कैदी सोडले, पुण्य लागावं म्हणून. उपयोग झाला नाही. मग तिचं चित्र स्वतः काढून समोर ठेवायचं आणि जेवायला बसायचं, तीन वर्षं मांसाला शिवायचं नाही, हे सगळं खरं. पण त्याच वर्षी त्याने 'शिन दोन' नावाच्या भिक्षूला हाताशी धरलं आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी सुधारणा काढली. वेड्या माणसाचं हे काम नव्हे. बाकी प्रतिसादांत बोलू, बोटं दुखली.

खडीसाखर

मस्त लिहिलंय. दारात बसलेली राणी डोळ्यांसमोर उभी राहिली. चित्र स्वतः काढलं म्हणजे राजा खरंच चितारी होता का? की राजाचं म्हणून कौतुक?

आडवाट

@खडीसाखर, खरंच होता. शिकारीच्या एका चित्राचे तुकडे सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, ते त्याच्या हातचे मानतात. घोडदौड करणारे स्वार, मंगोल पेहराव. वेणी सोडली तरी ज्या जगात मिसरूड फुटलं ते जग हातातून जात नाही.

तिखटजाळ

लेख चांगला, पण शिन दोनला दोन ओळींत गुंडाळलंत. त्याच्यावर लिहा की!

आडवाट

लिहितो. शिन दोन हा ओकचॉनसा मठातल्या दासीचा मुलगा. भिक्षू, पण भिक्षूंमध्येही त्याला कोणी पंगतीला घेत नसे. राजाला नेमका असाच माणूस हवा होता: ज्याला घराणं नाही, सासरा-मेहुणा नाही, गुरुबंधूंचा गोतावळा नाही. जुने सरदार एकमेकांत सोयरिकींनी गुंतलेले, नवे विद्वान गुरु-शिष्याच्या नात्याने बांधलेले. मोकळा कोण? तर दासीचा पोर.

त्याने आधी राजाकडून लेखी वचन घेतलं: तू मला वाचव, मी तुला वाचवीन, जगू-मरू ते यावरच. मग १३६६ मध्ये जमिनी आणि माणसं यांचा निवाडा करणारी कचेरी काढली. सरदारांनी आणि मठांनी लोकांच्या जमिनी बळकावल्या होत्या आणि मोकळ्या कुळांना गुलाम करून ठेवलं होतं. हुकूम असा सुटला की राजधानीत पंधरा दिवसांत आणि प्रांतांत चाळीस दिवसांत आपणहून परत करा, मुदतीत केलंत तर मागचं विचारणार नाही. पुष्कळांनी परत केल्या. सुटलेले गुलाम म्हणू लागले, संत अवतरला. याच काळात, १३६७ मध्ये, राष्ट्रीय विद्यापीठ नव्याने उभं राहिलं. ई सेक त्याचा प्रमुख, तरुण जॉन्ग मोंग-जू शिकवायला.

आणि १३७१ मध्ये राजाने शिन दोनला राजद्रोहाच्या आरोपाखाली सुवॉनला नेऊन मारलं.

तिखटजाळ

म्हणजे तुमची यादी वाढली. जो इल-शिन, किम योंग, शिन दोन. "मी तुला वाचवीन" म्हणणाऱ्या राजाने सहा वर्षांत गळा कापला. मला यात दुःख-बिःख काही दिसत नाही. सरळ डाव दिसतो. लोकांच्या शिव्या खायला एक माणूस पुढे करायचा, काम झालं की त्यालाच बळी द्यायचा.

उंबराचं फूल

इतकं सरळ नसेल. शिन दोन स्वतःही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सत्ता आल्यावर त्याच्या दारात रांगा, बायका, वाडे, सगळं आलं. जमीन मागायला आलेल्या बायांशी त्याचं वागणं कसं होतं यावर बरंच लिहून ठेवलंय.

मुळाक्षर

"लिहून ठेवलंय" यावर थांबूया जरा. कोणी लिहून ठेवलंय?

गोंगमिन, शिन दोन, शेवटचा खून, यातलं जवळपास सगळं 'गोर्योसा' या ग्रंथातून येतं. तो पुरा झाला १४५१ मध्ये, म्हणजे गोर्यो बुडून साठ वर्षं होत आली तेव्हा. करवून घेतला जोसॉन दरबाराने. ई सॉन्ग-ग्येच्या वारसांनी. गोर्यो का बुडवावं लागलं हे पटवून देणं ही त्या ग्रंथाची गरज.

आणि याचा पुरावा ग्रंथाच्या रचनेतच आहे. गोंगमिननंतर 'उ' नावाचा त्याचा मुलगा गादीवर आला, १४ वर्षं राज्य केलं, चीनच्या मिंग सम्राटाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. त्याचा कारभार राजांच्या भागात नाही! तो टाकलाय 'द्रोही माणसांची चरित्रं' या भागात, आणि नाव दिलंय 'शिन उ'. म्हणजे हा गोंगमिनचा नव्हेच, शिन दोनचा पोर. त्याची आई बान्या ही शिन दोनच्या घरातली दासी, एवढ्या धाग्यावर हा सगळा स्वर्ग. आता हे ठरवायचं असेल तर शिन दोन बाईलवेडा असायलाच हवा, आणि गोंगमिनला मूल होणं अशक्य असायला हवं. पुढची सगळी वर्णनं या दोन गरजा डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

आडवाट

मुळाक्षर, हे मी लेखातच लिहायला हवं होतं. आभार. जिंकणाऱ्याच्या घरची बखर.

मुळाक्षर

बखरीपेक्षा जास्त शिस्तीची आहे, १३९ खंड आहेत. जुनी दप्तरं समोर ठेवून केलेलं काम. म्हणून तर घोळ होतो, सगळं टाकून देता येत नाही. सैन्याचे आकडे, तारखा, नेमणुका बऱ्याच अंशी भरवशाच्या. शयनगृहातलं मात्र चिमटीत धरून घ्यावं.

निवांत दुपार

ही मालिका कुठे बघायला मिळेल? मराठी सबटायटल आहेत का?

खडीसाखर

@निवांत दुपार 😀 धागा कुठे, गाडी कुठे.

सरकी

वाचनखूण साठवली. आम्ही वऱ्हाडातले, त्यामुळे एक भर घालतो. कोरियात कापूस आला तो याच राजाच्या काळात. मून इक-जॉम नावाचा अधिकारी १३६३ मध्ये दूत म्हणून दादूला गेला आणि येताना सरकी घेऊन आला. लेखणीच्या पोकळ दांड्यात लपवून आणली अशी कथा तिकडच्या पोरासोरांना पाठ आहे, पण जुन्या नोंदीत साधं खिशात घालून आणली असंच आहे. गावी येऊन त्याने आणि सासऱ्याने वाटून पेरली. सासऱ्याकडचं एकच झाड जगलं. त्या झाडाच्या बोंडांतून पुढे बी वाढवलं. सरकी काढायची कशी आणि सूत कातायचं कसं, हे माहीत नव्हतं. ते एका परदेशी भिक्षूने सासऱ्याला शिकवलं. तोवर गरिबांच्या अंगावर हिवाळ्यातही तागाचं.

आता गंमत. मून इक-जॉम दादूत होता त्याच वेळी सम्राज्ञी गीने भावाच्या खुनाचा सूड म्हणून गोंगमिनच्या जागी दुसराच राजा जाहीर केला होता. मून त्या दुसऱ्या पक्षात गेल्याचा ठपका आला आणि परतल्यावर नोकरी गेली. नोकरी गेली म्हणून गावी शेती करायला मोकळा! राजकारणाने देशाला केलेली एवढी मोठी मदत दुसरी नसेल.

आडवाट

क्या बात है सरकी! आयडी सार्थ केलात. तो दुसरा राजा म्हणजे देओकहुंग-गुन, राजघराण्यातलाच एक. १३६४ च्या सुरुवातीला दहा हजार मंगोल फौजेनिशी त्याला याळूपार आणलं होतं. सेनापती च्वे यॉन्ग आणि ई सॉन्ग-ग्ये यांनी ती फौज पिटाळली. ते बंड जमलं असतं तर १३६५ ची बाळंतीण वगैरे काही उरलंच नसतं.

पाटावरवंटा

मला एक खटकतंय. राणीवर सगळे लिहितायत, पण "खंडणी म्हणून मुली पाठवल्या जात" हे वाक्य एका दमात येऊन गेलं. किती घरांनी मुली लपवल्या असतील, लहानपणीच लग्नं लावून दिली असतील! त्यातलीच एक सम्राज्ञी झाली तर ती इतिहासात खलनायिका. तिच्या भावाला मेजवानीला बोलावून गदेने मारलं, आणि सूड घ्यायला निघाली तर बाई दुष्ट? मालिकावाल्यांचं ठीक आहे, पण आपणही?

आडवाट

मान्य. लहानपणी लग्नं लावायची रीत त्या धास्तीने वाढली, हेही खरंच. गीबद्दल "दुष्ट" मी म्हटलं नाही, पण "दुखणं" म्हटलं, ते राजाच्या बाजूने. तिच्या बाजूने बघितलं तर ज्याने आपल्याला खंडणीत दिलं त्या देशाचं ती काय देणं लागत होती, असा प्रश्न पडतो.

बोधिवृक्षाखाली

या धाग्यात भारताचा एक खराखुरा दुवा आहे, कोणाच्या लक्षात आला नाही. गोंगमिनने १३७१ मध्ये नाओंग नावाच्या झेन भिक्षूला राजगुरू केलं. नाओंगचे दादूतले गुरू होते जिगोंग, म्हणजे आपल्याकडचे ध्यानभद्र. त्यांच्या शिलालेखात ते मगधच्या राजाचे तिसरे पुत्र आणि नालंदेत शिकलेले असं म्हटलंय. शिलालेखाचा मजकूर वरच्या ई सेकचाच. ध्यानभद्र १३२६ मध्ये गोर्योत आले आणि सुमारे दोन वर्षं राहिले, वज्र पर्वताचं, म्हणजे गुमगांगसानचं, दर्शन घेतलं. १३६३ मध्ये दादूत वारले, त्यांच्या अस्थी नंतर गोर्योत आणल्या. सोलच्या उत्तरेला यांगजूला ह्वेआमसा मठाचे अवशेष आहेत. ही जागा नालंदेसारखी आहे असं ध्यानभद्रांनी म्हटलं होतं, म्हणून नाओंगने तिथे मोठा मठ उभारला, १३७६ मध्ये पुरा झाला.

उंबराचं फूल

नालंदा तर १२०० च्या आसपास जाळली ना? मग १३०० च्या आसपास तिथे शिकले कसे?

बोधिवृक्षाखाली

म्हणूनच तो शिलालेख महत्त्वाचा. १२३४-३६ च्या सुमारास तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी नालंदेला आला तेव्हा पडझडीतही एक नव्वदीचे आचार्य सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. म्हणजे दिवा एका फुंकरीत विझला नव्हता. पुढे आणखी साठ-सत्तर वर्षं काही उरलं होतं की शिलालेखाने मोठेपणा दिला, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. मला पहिलं पटतं, पण हट्ट नाही.

सुवॉनकर

रोज वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं सुवॉनला आहे. शिन दोनला मारलं ते हेच गाव, ते मात्र आज कळलं! इथे सगळे किल्ल्याच्या तटबंदीचं सांगतात, ती चारशे वर्षांनंतरची.

दोन जागा पाहिल्यात त्या सांगते. सोलमध्ये जोंगम्यो आहे, जोसॉन राजांच्या पूर्वजपूजेचं देऊळ. आत शिरल्यावर लगेच झाडीत एक इवलीशी खोली आहे, आपल्याकडे वेशीवरचं देऊळ असतं तेवढी. आत गोंगमिन आणि नोगुक यांचं शेजारी शेजारी बसलेलं चित्र, भिंतीवर घोडे. ज्या घराण्याने यांचं राज्य घेतलं त्याच्याच देवघरात! सांगतात की बांधकाम चालू असताना वावटळीने हे चित्र उडत आलं आणि अंगणात पडलं. लोक भराभर पुढे मोठ्या देवळाकडे जातात. मी तिथे उभी होते तेव्हा दुसरं चिटपाखरू नव्हतं.

दुसरी आंदोंगला. तिथे बायकांचा एक खेळ आहे, नोत्दारी. रंगीत कपडे घालून बायका एकामागे एक कमरेत वाकून उभ्या राहतात आणि त्यांच्या पाठींवरून एक मुलगी, राजकन्या म्हणून, चालत जाते. दोन्ही बाजूंनी तिचे हात धरतात. लाल फेटेवाल्यांपासून पळताना राणीला ओढा ओलांडायचा होता, तेव्हा गावच्या बायकांनी असा पूल केला म्हणे. मागची बाई पाय पडून गेल्यावर धावत पुढे येऊन पुन्हा वाकते, त्यामुळे पूल संपतच नाही. मी खेळ पाहिला तेव्हा वाकलेल्यांत साठीच्या आज्या होत्या. एकीच्या पाठीवर पाय पडला आणि ती खुदकन हसली.

पाटावरवंटा

सुवॉनकर, लिहित्या राहा हो. शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

तिखटजाळ

आता शेवट सांगा. खून.

आडवाट

सांगतो, मुळाक्षर यांची चिमटी वापरून.

भरवशाचं आधी. १३६८ मध्ये मिंग आले, मंगोल उत्तरेला पळाले. गोंगमिनने १३७० मध्ये मिंगची कालगणना घेतली आणि त्याच साली याळूपलीकडच्या ल्याओदोंग मुलखावर फौज पाठवली. मग मिंगने जेजू बेटावरचे दोन हजार घोडे मागितले. तिथल्या मंगोल गुराख्यांनी सांगितलं, कुबलाई खानाचे घोडे मिंगला देणार नाही. तेव्हा १३७४ मध्ये च्वे यॉन्गला ३१४ जहाजं आणि २५,६०५ माणसं देऊन जेजूला पाठवलं. राज्यातला सगळ्यात खंबीर सेनापती समुद्रात असताना, नवव्या महिन्याच्या २२ तारखेच्या रात्री, राजाला झोपेत मारलं. वय ४४.

आता चिमटीतलं. १३७२ मध्ये त्याने देखण्या सरदारपुत्रांचं एक पथक अंतःपुरात ठेवलं होतं. वारस हवा म्हणून त्यानेच त्यांना आपल्या राण्यांकडे पाठवलं, असं गोर्योसा म्हणते. इकबी नावाच्या राणीला हॉन्ग र्यूनपासून दिवस गेले. च्वे मान-सेंग या खोजाने ही बातमी राजाला शौचास जाताना सांगितली. राजा खूश झाला आणि म्हणाला, आता ज्यांना माहीत आहे त्या सगळ्यांना संपवतो, आणि तुलाही. खोजा तडक हॉन्ग र्यूनकडे गेला. त्याच रात्री काम झालं. दुसऱ्या दिवशी ई इन-इम या मंत्र्याला खोजाच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले, त्यावरून सगळे पकडले गेले.

तिखटजाळ

आयुष्यभर कटांत वाढलेला माणूस, आणि "तुलाही मारीन" हे तोंडावर सांगतो? माझा विश्वास बसत नाही. आणि च्वे यॉन्ग बेटावर असतानाच?

मुळाक्षर

विश्वास न बसणं बरोबर आहे, पण त्याच्या जागी दुसरी कथा रचायलाही पुरावा नाही. फायदा कोणाला झाला बघा. ई इन-इमने दहा वर्षांच्या उला गादीवर बसवलं आणि पुढे दशकभराहून जास्त राज्य चालवलं. डाग नेमका त्यालाच दिसला.

पुरुषांच्या पथकाबद्दल इतकंच: त्यातलं किती खरं, किती खोटं यापेक्षा नंतरच्यांनी ते "म्हणून राज्य बुडालं" या वाक्यासाठी वापरलं, हे जास्त बघावं. तोच न्याय राणीच्या शोकालाही लावला. तुमच्या मालिकेने गोर्योसाचंच वाक्य पुढे चालवलंय, फक्त डोळ्यांत पाणी आणून.

उंबराचं फूल

तरी स्मारकाचं काय? राणीच्या तसबिरीसाठी त्याने जे देऊळ बांधायला घेतलं, ते लहान वाटतं म्हणून पाडलं, दुसरीकडे सुरू केलं, पुन्हा जुन्या जागी आणलं. राजमातेने थांब म्हटलं, मंत्र्यांनी म्हटलं. दुष्काळात लोक तुळया ओढत होते, बांधकामावर माणसं चिरडून मेली. हे काही जोसॉनवाल्यांनी रचलेलं नाही. राजा हुशार होता, दुःखी होता, मान्य. पण किंमत लोकांनी मोजली.

आडवाट

हो. हे माझ्या लेखात नव्हतं, आणि नसायला नको होतं. मी त्याच्या बाजूने वाहवत गेलो.

काळी दोन

समाधीबद्दल कोणी लिहिलं नाही. केसॉन्गजवळ डोंगराच्या कुशीत दोन गोल टेकड्या शेजारी शेजारी, पश्चिमेची त्याची, पूर्वेची तिची. भोवती दगडी वाघ आणि मेंढ्या. राणीची झाल्यावर स्वतःचीही त्याने जिवंतपणीच बांधून घेतली. २०१३ मध्ये केसॉन्गच्या वास्तूंबरोबर जागतिक वारशात गेली. आतल्या दगडी भिंतीत तिच्या बाजूला एक छोटं भोक ठेवलंय, जीवाला ये-जा करता यावी म्हणून.

त्या भागात एक कथाही सांगतात. जागा शोधणाऱ्या ज्योतिषाला घेऊन राजा गेला. सैनिकांना सांगून ठेवलं, मी समोरच्या डोंगरावर चढतो, जागा पसंत पडली नाही तर रुमाल हलवीन, मग याला मारा. वर गेला. जागा अशी सुरेख की तो बघतच राहिला. चढून घाम आला होता, म्हणून रुमाल काढून कपाळ पुसलं.

खाली आला तेव्हा काम झालेलं. तोंडातून निघालं, "आचा!" म्हणजे आपलं "अरेच्चा!" त्या डोंगराचं नाव तेव्हापासून आचाबोंग.

तिखटजाळ

घ्या. यादीत आणखी एक.

खडीसाखर

😀 आडवाट, पुढचा धागा च्वे यॉन्गवर हवा. आणि मुलीला काय सांगितलंत शेवटी?

आडवाट

समाधीतल्या भोकाचं तिला आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि उरलेली भाजी मला वाढून पुढचा भाग लावला.